सर्वानुमते नव्हतं, आबा

आबा, परवा तुमचं तेरावं झालं. रडायचं तेवढं रडून झालं. आता मला तुमच्याशी भांडायचंय, आणि ह्या खेपेला तुम्हाला "म्हशीला पानी दावून येतो" म्हणत उठून जाता येणार नाही. तेव्हा गप ऐका.

पहिला राग त्या कावळ्याचा. दहाव्याला बायकांनी नदीवर जायचं नसतं, तरी मी गेले. लांब करंजाच्या झाडाखाली उभी राहिले. मला वाटलं होतं, कावळा काही लवकर शिवायचा नाही. दादा म्हणेल बैलांना जपतो, चुलते म्हणतील वहिनीला काही कमी पडू देत नाही, तरी कावळा आपला फांदीवर बसून राहील. मग मी पुढं होऊन सांगेन की आबा, कौन्सिलच्या कागदात तुमच्या नावावर जे खोटं लिहिलंय ते मी खोडून घेईन. चार दिवस ते वाक्य मनात घोळवत होते. आणि झालं काय? पान मांडून दादा मागं सरकतोय न सरकतोय तोच कावळा आला आणि भात उचलून गेला. "सुटला बिचारा, कायबी वासना ऱ्हायली न्हवती," असं सगळे म्हणाले. आईनं तर हात जोडले. मी मात्र तुमच्यावर इतकी चिडले की चुलत्यांना वाटलं, मला घेरी येतेय. काहीच इच्छा राहिली नव्हती? काहीच? त्या माणसाला तुम्ही असाच मोकळा सोडून गेलात?

त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या हातानं ते लिहिलं जाणार नाही. आपण त्यांना साहेब म्हणायचो, साहेबच म्हणू. भोर संस्थानात दरबाराचा खर्च कारभारी म्हणून साहेब करायचे, आणि त्या खर्चाला हो-नाही म्हणायला जे कौन्सिल नेमलं होतं त्याचे अध्यक्षही साहेबच. तुम्ही पासलीकडच्या गावांचे सभासद म्हणून पहिल्या बैठकीला गेलात आणि तिथून थेट माझ्या भोरातल्या खोलीवर आलात. जोडा काढता काढता म्हणालात, "सगुणा, वाढनाराबी त्योच, जेवनाराबी त्योच, आन् प्वाट भरलं का म्हून इचारनाराबी त्योच. ह्ये बुकात आसंच हाय का गं?" मी नियमांचं पुस्तक उघडून बघितलं. तसंच होतं. तुम्ही इतके हसलात की शेजारीण दारात आली.

ते पुस्तक मी वाचायचे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, कारण तुम्हाला सहीपुरतंच लिहिता यायचं. मला शिकायला पाठवलं ते मात्र तुम्हीच. नवरा वारला, सासरच्यांनी मला आणून दारात सोडलं, तेव्हा लोक आईला म्हणत होते की पोरगी आता चुलीपाशी बसेल. तुम्ही मला भोरच्या मुलींच्या शाळेत घातलंत. गावात कुणी टोमणा मारला, "पोरीला शिकवून काय दरबारात बसवनार व्हय?" तर तुम्ही म्हणालात, "बसंल की. म्या नुसता जोंधळ्याच्या पोत्यावानी बसतो, ती वाचून तरी बसंल." त्या शाळेत मी आज मास्तरीण आहे. हे उपकार मी विसरलेले नाही, म्हणून तर भांडतेय.

लढाईचे दिवस होते. विलायतेत बाँब पडून लोकांची घरं गेली, त्यांच्या मदतीला म्हणून साहेबांनी दरबाराच्या तिजोरीतून मोठी रक्कम पाठवून दिली. ती रक्कम कशासाठी ठेवली होती? वेल्ह्याकडच्या ओढ्यांवर साकव बांधायला, पावसात माणसांना पलीकडं जाता यावं म्हणून. ते काम तुम्हीच मागून मागून मंजूर करून घेतलं होतंत. आपल्या पासलीच्या ओढ्यावरचा साकव त्यातच होता. पैसे आधी गेले आणि कौन्सिलपुढं मंजुरीचा कागद तीन महिन्यांनी आला. तोवर पुण्याच्या गोऱ्या साहेबाचं आभाराचं पत्र येऊन साहेबांच्या भिंतीवर काचेत बसलंसुद्धा होतं.

मी तडकून म्हटलं, "कसली मदत त्या गोऱ्यांना?" तर तुम्ही मलाच दटावलंत. "तसं म्हनू नगं. कुनाचंबी घर पडलं तर त्येचं पोर उगड्यावरच येतंय. मदत करावी मानसानं. पर माज्या घरातला हंडा मला न इचारता कुनी उचलून दान केला, तर त्ये दान त्येचं का माजं? द्या म्हना, इचारून द्या. आन् दिल्यावर कुनाच्या हातात पडलं, त्येबी सांगा." त्याच आठवड्यात कचेरीत बेघरांसाठी कपडे गोळा करत होते, तिथं तुम्ही अंगावरची नवी घोंगडी काढून दिलीत. कारकुनानं विचारलं, पाटील, तुम्ही तर विरोधात ना? तुम्ही म्हणालात, "ही माजी हाय, म्हून देतो." आणि उघडे घरी आलात. आईनं दोन दिवस अबोला धरला होता.

मग आपण दोघांनी बसून प्रश्न लिहिला. रक्कम कोणत्या खात्यातून गेली, ती कोणाला विचारून पाठवली, आणि तिकडं ती कोणाच्या हाती पडली. साहेबांचं उत्तर एका ओळीचं आलं, "रकमेचा विनियोग योग्य रीतीने झाल्याचे समजते." मी वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "समजतं म्हंजी? कुनाला समजतं? मला तर न्हाई समजलं बा."

आता तो दिवस. तुम्ही उठलात, भर सभेत म्हणालात, "माजा इरोद हाय," आणि हंड्याची गोष्ट सांगितलीत. साहेबांनी मधे एक शब्द काढला नाही. बोलू दिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पाटलांचे विचार ऐकले. मतं घेण्याआधी पानसुपारी होऊन जाऊ द्या." चांदीचं तबक फिरलं. पालीचे धोंडीबाकाका तुमच्या शेजारच्या खुर्चीवर, त्यांनी विडा उचलला. तबक तुमच्यापुढं आलं तेव्हा साहेब स्वतः उठून आले आणि म्हणाले, "घ्या पाटील." तुम्ही घेतलात. साहेब जाग्यावर बसले आणि कारकुनाला सांगितलं, लिहा, कोणाची हरकत दिसत नाही, सर्वानुमते मंजूर.

आणि तुम्ही गप्प बसलात!

संध्याकाळी खोलीवर आलात, मी भाकरी वाढली, तर ताटावर नुसते बसून राहिलात. मी सगळं ऐकलं आणि ओरडलेच. "आबा, मत घेतलंच नाही त्यांनी! उठून बोललात का नाही?"

"आगं, विडा घेतल्याला हुता म्या."

"मग? तो विडा होता, मत नव्हतं."

"आपल्या हितं त्येच मत आसतं," तुम्ही म्हणालात.

मला तेव्हा कळलं, साहेबांनी काय साधलं होतं ते. आपल्या गावकीत भांडण मिटलं की सुपारी मधे ठेवतात. ज्याला निवाडा मान्य, तो उचलतो. ज्याला नाही, तो हात न लावता उठून जातो. तीस वर्षं गावकी चालवली होतीत तुम्ही. दुसऱ्याच्या घरी विडा नाकारणं तुम्हाला जमणारं नव्हतं, आणि घेतल्यावर वाद घालणं तर त्याहून जमणारं नव्हतं. साहेबांना हे पक्कं माहीत होतं. शिकलेला माणूस, आपल्या रीती त्यानं आपल्यापेक्षा बारकाईनं बघून ठेवल्या होत्या.

मी पुस्तक काढलं. मत हात वर करून द्यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. विड्याचं नावसुद्धा नाही. तुम्ही नेहमीसारखे डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "बुक खरं आसंल. पर हात म्या म्होरं केला. त्यो काय कुनी वढला न्हाई." ह्या बोलण्याला मी आजवर उत्तर शोधतेय. तुमच्या सरळपणाचा मला तेव्हा राग होता, आजही आहे. चोराच्या घरी कसला आलाय पाहुणचार?

गावानं मात्र पुस्तकही बघितलं नाही आणि तुमचं मनही. बातमी आली ती एवढीच, पाटलानं सर्वानुमते साकव विलायतेला धाडला. त्या पावसाळ्यात भाताच्या आवणीला तुम्ही इर्जिक घातली. तुम्ही गावात कुणाच्या इर्जिकीला गेला नव्हता असं कधी झालं नाही. अख्ख्या गावानं एकाच्या खाचरात राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, ही तर गावाची रीतच. आईनं चाळीस माणसांचा भात रांधला, वालाची आमटी केली, गुळाचा शिरा केला. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही होते. तुम्ही बांधावर इरलं घेऊन उभे. आले किती? तिघं. त्यातला एक बहिरा होता, त्याला बातमीच कळली नव्हती. उरलेली रोपं आपण पाच जणांनी सहा दिवस वाकून लावली. तुम्ही वर मान केली नाहीत. आईनं तो भात म्हशीपुढं ओतला, आणि त्या वेळी मी ठरवलं की साहेबांना ह्याचं फळ मिळालं पाहिजे. माझ्या हातून मिळालं पाहिजे.

दुरुस्तीचा अर्ज मीच लिहिला. खिंड उतरून आपण दोघं भोरात कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि सगळ्या कारकुनांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हो पाटील, विडा गिळलात आणि आता कात-चुना परत मागायला आलात?" सगळी कचेरी हसली. आबा, तुम्हीही हसलात. खाली बघून, फेट्याचं टोक चाचपत हसलात. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही. खिंड चढताना मी म्हटलं, ह्या माणसाला मी सोडणार नाही. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे गं. त्योबी कुना पोरीचा बाप आसंल." आणि करवंदं तोडून माझ्या पदरात टाकलीत. मी ती रागानं खाल्ली नाहीत. आता वाटतं, खायला हवी होती.

अर्जाला तीन वर्षं उत्तर आलं नाही. मधे लढाई संपली. संस्थानं आता विलीन होणार अशी बोलणी सुरू झाली, आणि साहेबांच्या डोक्यावरची पगडी जाऊन पांढरी टोपी आली. तुम्ही अर्जाचं नाव काढणं सोडून दिलंत. मी काढलं की गोठ्यात जायचात.

आणि दहाव्याच्याच दिवशी कचेरीचा शिपाई दारात. साहेबांचं पत्र. कौन्सिलच्या बैठकीत तुमच्या दुखवट्याचा ठराव साहेब स्वतः मांडणार, घरच्यांनी हजर राहावं, सोबत ठरावाची नक्कल. मी वाचली. "कै. रामजी पाटील हे दरबारच्या प्रत्येक कार्यात, विशेषतः लढाईतील परदेशी मदतीच्या कार्यात, एकमताने सहभागी होते." तिथल्या तिथं कळलं मला. नवं राज्य आलं की कुणीतरी जुने कागद उघडणार, साकवाचे पैसे कुणाच्या परवानगीनं गेले ते विचारणार. तेव्हा दाखवायला साहेबांना मेलेला माणूस हवा होता. जिवंतपणी तुमच्या हातात विडा दिला, आता तुमच्या राखेवर सही घेत होते. आईनं विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, आबांचं कौतुक केलंय. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पालीला गेले. सुतकात कुणाच्या घरात जायचं नसतं म्हणून धोंडीबाकाकांच्या अंगणातच उभी राहिले. काका बाहेर आले आणि मला बघून लहान मुलासारखे रडले. त्यांचं रडणं संपेपर्यंत मी थांबले. मग ठराव वाचून दाखवला आणि म्हटलं, "काका, ह्याच्या विरुद्ध मत द्या."

"आगं पोरी! मेल्याल्या मानसाच्या दुखवट्याला न्हाई म्हनू? लोक जोड्यानं मारतील मला."

"त्या दिवशी आबा एकटे बोलले. तुम्ही शेजारी बसला होता."

आतून काकूचा आवाज आला, "आवं, तीन वरीस रोज उटून मला सांगताय की म्या बोललो न्हाई, म्या बोललो न्हाई. आता जावा की. का मला आनी तीन वरीस आयकवताय?"

काल बैठक होती. मी मागच्या बाकावर, बघ्यांच्या जागेवर बसले. सुतक फिटून एकच दिवस झाला होता. साहेबांनी ठराव वाचला. आवाज छान दाटून आला होता, त्यांना ते जमतं. वाचून झाल्यावर म्हणाले, सर्वांनी उभं राहून ठराव सर्वानुमते संमत करावा. सगळे उठले. खुर्च्या वाजल्या. धोंडीबाकाका बसून राहिले.

"काका, उठा," साहेब हळूच म्हणाले.

"म्या न्हाई उटनार. माजा इरोद हाय."

उभे असलेले सगळे त्यांच्याकडं वळले. साहेब म्हणाले, मित्राच्या जाण्यानं काकांचं मन थाऱ्यावर नाही. तेव्हा मी मागून उठले आणि म्हटलं, विरोध करणाऱ्यानं कारण सांगितलं तर ते शब्दशः लिहून घ्यायचं असतं, नियम साहेबांचाच आहे. बाहेरच्यांनी बोलू नये, असं साहेब म्हणाले. पण मी बोलून बसले होते, आणि कारकुनानं दौत पुढं ओढली होती.

काका बसूनच बोलले. "रामजी माजा दोस्त. त्येच्यासाटी रडलोय म्या. पर ह्या कागदात खोटं हाय. त्या मदतीला त्यानं न्हाई म्हनलं हुतं, भर सभंत, उबं ऱ्हाऊन. साकवाचा पैका कुनाला इचारून धाडला आन् तकडं कुनाला पोचला, त्ये त्यानं इचारलं हुतं. त्येचं उत्तर आजून आल्यालं न्हाई. विडा घेतला ती रीत हुती, मत न्हवतं. माजंबी न्हवतं. पर म्या भेकड, म्या बोललो न्हाई. रामजी बोलला हुता. लिवा."

"भेकड हा शब्द गाळा," साहेब कारकुनाला म्हणाले.

"न्हाई," काका म्हणाले. "त्योबी लिवा."

कारकुनानं सगळं वाचून दाखवलं. त्याखाली अध्यक्षांची सही लागते. साहेबांनी टाक बुडवला, सही केली. मी बाकावरून त्यांच्याकडे बघत होते, एकदाही पापणी लवू दिली नाही. आबा, मला फार बरं वाटलं. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला इतकं बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

बाहेर पायरीवर साहेब माझ्याजवळ आले. "मुली, बापाच्या दुखवट्यात असला सूड? त्या देवमाणसाला काय वाटलं असतं?" म्हणाले. बरोबर बोलत होते. तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही मलाच दटावलं असतं आणि त्यांना घरी जेवायला बोलावलं असतं. मी त्यांना सांगितलं, "साहेब, आबा गेले. आता तुमची गाठ माझ्याशी आहे." आणि सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज त्यांच्या हातात दिला.

दोन पैसे ज्यादा भरून नक्कल आज सकाळी आणली. उद्या ती घेऊन पासलीला जाईन, चावडीवर मोठ्यानं वाचेन, इर्जिकीला आलेल्या त्या तिघांना सोडून बाकी प्रत्येकाला ऐकवेन. तुम्हाला हे आवडायचं नाही. माहीत आहे मला. तुम्ही माफ करून सुटलात, कावळ्यानंही साक्ष दिली. मी नाही करणार माफ, साहेबांना नाही आणि गावालाही नाही, आणि ह्यावरचं आपलं भांडण आता असंच अर्धं राहणार.

पण एक सांगते. काल सगळी सभा तुमच्यासाठी माना खाली घालून उभी होती, आणि पालीचा एक म्हातारा दोन्ही हातांनी खुर्ची धरून, रडत, बसून राहिला होता. आबा, तुमचा दुखवटा त्या एकट्यानं पाळला.